तीनसाली पाय

बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एका खाचेला एक डोस, आणि "हलवून घ्या हं" असं बजावायचं, एवढंच कंपाउंडरचं काम असतं अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या सासऱ्यांची तर ती शेवटपर्यंत होती. संपादकांनीही याच समजुतीने दवाखान्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. गमती पुष्कळ आहेत. लाल मिक्श्चर देवापुढे ठेवून तीर्थासारखं घेणारा एक गडी होता, आणि खरजेचं मलम टकलाला चोळून केस येण्याची वाट बघणारे एक हेडक्लार्कही होते. पण मला लिहायचं आहे ते पायांबद्दल. ते लिहून झाल्यावर संपादकांनी छापावं की नाही हे त्यांचं त्यांनी बघावं.

पन्नासच्या दशकात मी आर्वीला एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या दवाखान्यात होतो. ज्यांनी असा कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातला कापूस बैलबंड्यांमधून येतो. जिनावर बायका तो यंत्राला भरवतात. सरकी खाली पडते, रुई पुढे येते. मग ती रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. दिवाळीनंतर भोंगा सुरू होतो आणि होळीच्या सुमारास बंद पडतो. तेवढे महिने हवेत कापसाचा भुरका उडत असतो. माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात, कोळ्यांची जाळी दोरीएवढी जाड होतात, आणि तिशीतली बाई समोरून येताना सत्तरीची वाटते.

आमच्या शेटजींना हॉकीचं वेड होतं. त्या काळी गिरण्या, कारखाने आपापल्या टीमा बाळगत. नागपूर, अमरावती, वर्धा इथे सामने व्हायचे आणि जिंकलेली ढाल ऑफिसात शेटजींच्या डोक्यावर टांगली जायची. खेळाडूंना मस्टरवर कामगार म्हणून घेत. कोणी वजनकाट्यावर, कोणी गेटवर. खरं काम मैदानावर. त्यांना घेण्याच्या दोन तऱ्हा होत्या. हंगामी खेळाडू भोंग्याबरोबर यायचा आणि भोंग्याबरोबर जायचा. पुढच्या दिवाळीला बोलावणं येईल की नाही, ते देव जाणे आणि शेटजी जाणोत. ज्याचा खेळ फार आवडला त्याला मात्र तीन सालांचा करार मिळे. राहायला कारखान्याची खोली, बारा महिने पगार, आणि पाय मोडला तरी तीन सालं संपेपर्यंत कोणी काढणार नाही. त्याला आम्ही तीनसाली म्हणायचो.

आता मोडणाऱ्या पायावर तीन वर्षं कोण लावणार? म्हणून तीनसाली देण्याआधी पाय माझ्याकडे येत. शहरातले डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही पानाचा डबा संपेपर्यंत. त्यामुळे पायांची पारख माझ्याकडे आली. मी खेळाडूला एका पायावर उड्या मारायला लावी, सरकीच्या पोत्यावरून उडी टाकायला लावी, गुडघ्याची वाटी दाबून बघे. मग ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभं करी. उमटलेल्या ठशावरून कळतं, पाऊल सपाट आहे की कमानदार, भार टाचेवर पडतो की चवड्यावर. काही वर्षांत मला चेहऱ्यापेक्षा ठसे जास्त लक्षात राहू लागले. माणूस खोटं बोलतो, गुडघा बोलत नाही, असं मी तेव्हा ऐटीत सांगायचो.

मी पाय पास केला की खेळाडू प्रेसखान्यात जाई, दगडूजीकडे.

दगडूजी प्रेसवरचा मुकादम. वाळलेल्या काटकीसारखा माणूस, पण प्रेस त्याच्या शब्दात होता असं सगळे म्हणत. प्रेसमागच्या भिंतीवर कायम कामगारांच्या हातांचे ठसे होते, तेलात कालवलेल्या शेंदराचे. कायम झालेल्या माणसाने पहिल्या दिवशी पंजा उमटवायचा. म्हणजे मशीनला हात ओळखीचा होतो आणि ओळखीचा हात ती खात नाही, अशी समजूत. हॉकी आली तेव्हा दगडूजीने तीच रीत खेळाडूंना लावली. त्यांचं काम पायाचं, म्हणून त्यांनी एक पाय उचलून भिंतीला टेकवायचा. असे वर हात आणि खाली पाय. भुरक्यातून लांबून बघितलं की भिंतीत माणसं रांगेने उभी आहेत आणि त्यांचं मधलं शरीर तेवढं दिसत नाही, असं वाटे. मी तिकडे काम असल्याशिवाय जात नसे.

शेंदराच्या तेलाला भुरका चिकटायचा आणि काही दिवसांत प्रत्येक ठशावर पांढरी लव यायची. फक्त राजारामच्या ठशावर कधीच आली नाही.

राजाराम नागपूरचा, लेफ्ट-इन. पाय असा की मी पारखताना खूश झालो होतो. तीनसाली झाल्यावर पहिल्याच सामन्यात चेंडू घेऊन तो एकटा पळत होता. आसपास कोणी नव्हतं. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला आणि राजाराम खाली बसला. त्याच्यानंतर आमचा गोली. तीनसाली झाला आणि सणाच्या दिवशी आपल्या खोलीत खाटेवरून उतरताना त्याचा घोटा फिरला, तो पुन्हा जागेवर आला नाही. त्याचाही ठसा उघडाच राहिला. तेल लवकर वाळलं असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच बरं वाटत होतं.

शेटजींनी मला बोलावून विचारलं, "कंपाउंडर, तू पाय बघतोस की पायताण?"

दुसऱ्या बाजूला आमचे हंगामी खेळाडू हरणासारखे उड्या मारत होते. त्यांना खरचटण्यापलीकडे काही होत नव्हतं. हळूहळू तीनसाली नको म्हणणारे निघाले. एकाने तर हात जोडले, "शेटजी, मले हंगामीच ठेवा, लेकरंबाळं हायेत." ज्या करारासाठी पूर्वी लोक शेटजींच्या मोटारीमागे धावत, त्यालाच लोक आता मढ्याला करावा तसा लांबून नमस्कार करू लागले.

अशा वेळी सुदामने तीनसाली मागून घेतली.

सुदाम आर्वीजवळच्याच खेड्यातला, सेंटर हाफ. त्याची आई पुंजाबाई आमच्याच जिनावर कापूस भरवायची, कित्येक हंगामांपासून. बायका सगळ्या हंगामी. त्यांना कायम करण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्यांचे हात भिंतीवर नव्हते. छप्पनच्या दसऱ्याला मायलेक वस्तीतल्या सगळ्यांबरोबर नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. पुंजाबाईंनी घरातले देव विहिरीत सोडले. सुदाम तर आधीच ताठ होता, आता चालण्यातही वेगळा दिसायला लागला.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला त्याचे पाय माझ्याकडे आले. ठसा बघण्यासारखा होता. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. गुडघे निर्मळ. मी पास केले आणि त्याच्याबरोबर प्रेसखान्यापर्यंत गेलो. दगडूजी शेंदराची ताटली घेऊन उभाच होता.

"दगडूजी, तुमी मोठे आहा," सुदाम म्हणाला. "पण ह्या भिंतीले म्या पाय लावत नाई. म्या प्रतिज्ञा घेतली हाय."

"अरे बापू, हे मशीन हाय. तिले धरम समजत नाई, जात समजत नाई. तिले फक्त वळख लागते."

"मंग तिले सांगजा, ह्या पायाची वळख मैदानावर हाय."

दगडूजीने ताटली खाली ठेवली. त्याचा सुदामवर जीव होता. पोरगं लहान असताना जिनाच्या सावलीत पोत्यावर झोपायचं, तेव्हापासूनचा. "काई बी कर," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पण त्याले समजाव. राजारामनं पाय देला तरी मोडला. न देणाऱ्याचं काय होईल?"

मी सुदामला समजावलं नाही. त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण त्या दिवसापासून टीममध्ये गंमतच सुरू झाली, म्हणजे बघणाऱ्याला गंमत. सरावाला कोणी सुदामच्या फार जवळ जाईना. चेंडू त्याच्याकडे लांबूनच ढकलायचे. जेवायला बसताना त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायची. त्याने दाखवलं नाही, पण एक दिवस दवाखान्यात येऊन बसला.

"सायेब, पायाची भीती नाई मले," तो म्हणाला. "पाय तं कोनाचाबी मोडते. पण माहा मोडला तं ते पायापुरतं राह्यत नाई. सारे म्हनतील, देव सोडला म्हनून मोडला. आमच्या साऱ्या वस्तीचाच पाय मोडल तो."

तीन वर्षं एक पाय सांभाळायचा, तोही अकरा जणांच्या खेळात, मुरमाच्या मैदानावर.

आणि मग तो ठसा उमटला.

सकाळी प्रेस सुरू करायला गेलेल्या दगडूजीने मला निरोप पाठवला. मी गेलो. भिंतीच्या खालच्या रांगेत, राजारामच्या शेजारी, ताजा शेंदरी पाय होता. दुसरं बोट लांब. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. शेंदूर अजून ओला होता.

"सुदामचा," मी म्हणालो. मग वाकून नीट बघितलं. बोटं त्याचीच होती, पण टाच त्याची नव्हती. टाचेवर भेगा होत्या, आडव्या, खोल, एकात एक शिरलेल्या. बूट घालून खेळणाऱ्या पोराच्या टाचेला अशा भेगा पडत नाहीत. ती टाच आयुष्यभर अनवाणी चाललेली होती.

दगडूजी कुजबुजला, "म्हातारपनचा पाय हाय हा, बापू. पोट्टा म्हातारा होईल, तवाचा. त्यानं देला नाई, तं मशीननं आपूनच बोलावून घेतला."

पाय पास करताना मी स्वतः बघितलेला तो पाय, त्याच्याच अंगाला अजून न लागलेलं वय घेऊन भिंतीवर आला होता. प्रेसखान्यातले गडी दाराशी जमले होते. कोणी आत यायला तयार नव्हतं.

सुदामने तो धुण्याचा सोडा आणि विटेचा तुकडा घेऊन घासून काढला, सगळ्यांसमोर. "हे तुमचंच काम हाय," तो दगडूजीला म्हणाला. म्हातारा रडला. नातीची शपथ घेतली. त्याचं रडणं मला खोटं वाटलं नाही. आणि त्याच्या स्वतःच्या पायाला चारच बोटं होती, प्रेसने एक केव्हाच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठसा पुन्हा होता, त्याच जागी. सुदामने पुन्हा घासला. तिसऱ्यांदा उमटला तेव्हा तो माझ्याकडे आला, बूट काढले, पाय बादलीत बुडवला आणि फरशीवर उभा राहिला.

"खरं सांगा सायेब. थो पाय माहा हाय का?"

"बोटं तुझी आहेत," मी म्हणालो. "टाच नाही."

"मंग कोनाची?"

तो वाळत चाललेल्या ठशाकडे बघत बसला. "म्या भिऊन राह्यलो सायेब," तो शेवटी म्हणाला. "हेच मले खपत नाई." त्यानंतर त्याने भिंतीकडे जाणंच सोडलं. ठसा तसाच राहिला, आणि बघता बघता त्याच्यावर पांढरी लव आली.

त्या हंगामाचा शेवटचा सामना वर्ध्याला होता. आमची गाठ एका गिरणीच्या टीमशी पडली. त्यांचा फुलबॅक रेड्यासारखा होता आणि चेंडू व पाय यांत तो फारसा भेद करत नसे. ऊन उतरायला लागलं होतं. सुदाम चेंडू घेऊन मध्यातून घुसला, फुलबॅकने स्टिक पूर्ण मागे नेली आणि फिरवली. ती सुदामच्या डाव्या गुडघ्यावर बसली. आवाज मैदानाच्या या टोकाला मला स्वच्छ ऐकू आला. तो आवाज मी राजारामच्या वेळी ऐकला होता. फुलबॅकने स्वतःची स्टिक टाकून दिली आणि डोकं धरून बसला.

मी पेटी घेऊन धावलो. सुदाम उताणा पडून आभाळाकडे बघत होता. मी गुडघा धरला. सूज नाही, लाली नाही, वाटी जागेवर. फक्त कातडी गार होती, विहिरीच्या दगडासारखी. खेळून आलेल्या माणसाच्या अंगाला वाफा येत असतात. हा एक गुडघा तेवढा गार.

"दुखतंय का?"

"नाई," तो गोंधळून म्हणाला. "काऊन तं... मले लागलंच नाई, असं वाटून राह्यलं."

तो उठला, खेळला आणि आम्ही जिंकलो. घाव नडगीला बांधलेल्या बांबूच्या पट्टीवर बसला असेल, असं मी परतीच्या वाटेवर सगळ्यांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुलगावहून आर्वीला येणाऱ्या छोट्या गाडीत आता पोरं सुदामला खेटून बसली होती, त्याच्या गुडघ्याला हात लावून बघत होती. स्टेशनवर शेटजींनी बँड आणला होता. मिरवणूक गावातून फिरून कारखान्यात येणार होती. मला बँड सोसत नाही, म्हणून मी पेटी घेऊन आडवाटेने दवाखान्यात आलो.

बाकावर पुंजाबाई बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या कधी दवाखान्यात आल्या नव्हत्या. कंपाउंडर या नात्याने मला त्यांची काहीच माहिती नव्हती.

"पोट्टा बरा हाय ना?" त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"एकदम बरा. जिंकलो."

त्यांनी डोळे मिटले. मग लुगडं जरा वर केलं. डावा गुडघा घागरीएवढा सुजला होता आणि काळानिळा पडला होता.

"हे कधी झालं?"

"काल. दिस कलल्यावर. जिनापाशी उभी होती, नुसती उभी. अन् कोनं मारल्यावानी झालं."

मी गुडघा दाबला. ताज्या माराच्या खाली जुनं काहीतरी होतं. वाटी कधीतरी तडकून वेडीवाकडी सांधली गेली होती, आणि तीही एकदा नाही. असा गुडघा घेऊन चालणं शक्य नाही, उभं राहणं तर नाहीच. "हा तर जुना आहे," मी म्हणालो. "कोणाला दाखवला नाही?"

"हंगामी मानसाचा पाय मोडत नाई सायेब," त्या म्हणाल्या. "मोडला तं तो हंगामी बी राह्यत नाई."

मला आमचे उड्या मारणारे हंगामी खेळाडू आठवले. होळीला आपापल्या गावी गेलेले आणि पुन्हा न दिसलेले. आम्ही समजत होतो, त्यांना दुसरीकडे चांगलं काम मिळालं. त्यांच्यातले किती जण असा गुडघा घेऊन घरी बसले, ते बघायला मी कुठे गेलो होतो? माझी पारख तीनसाली पायांपुरती होती, मोडलेले तेवढेच मला दिसत होते.

पट्टी बांधण्यासाठी मी त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब होतं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेच्या भेगांत, खोलवर, शेंदूर बसला होता.

बँड आता बाजाराच्या वळणावर ऐकू येत होता.

"पुंजाबाई, तुम्ही तर दीक्षा घेतली आहे," मी म्हणालो.

"घेतली ना. मनापासून घेतली. मले बी पटत नाई थे भिंतीचं," त्या म्हणाल्या. "पन प्रतिज्ञा म्या घेतली, सायेब. मशीननं थोडीच घेतली? तिनं पाय मागतलाच तं म्हनलं, हा घे. एकाच घरचा हाय. तिले काय समजते?"

इतक्या वर्षांत मी याची उत्तरं पुष्कळ शोधली. बांबूची पट्टी हे एक उत्तर आहे. उभं राहून राहून झिजलेला जुना गुडघा केव्हाही दगा देऊ शकतो, हे दुसरं. दोन्ही बरोबर आहेत आणि कोणी रुग्णाने विचारलं तर मी तीच देईन. मला स्वतःला मात्र ती कधी पुरली नाहीत.

"होळीपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही," मी म्हणालो.

त्या हसल्या. "बसली तं कोन ठेवते मले? तुमी फक्त अशी बांधा, का लुगड्याखाली दिसली नाई पाह्यजे. अन् सुदामले सांगू नका. त्याले वाटते, थो आपल्या बळावर उभा हाय. राहू द्या तसंच."

मी बांधली. आयुष्यात तितकी चांगली पट्टी मी दुसऱ्या कोणाला बांधली नाही. तोवर मिरवणूक फाटकातून आत आली. गुलालाला सुदामने आधीच नाही म्हटलं होतं, म्हणून पोरांनी त्याच्यावर रुई उधळली होती. तो पांढराफेक, खांद्यावर ढाल, गर्दीत आईला शोधत होता. पुंजाबाई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि अंगण ओलांडून ताठ चालत गेल्या. बायकांना कामावर घेणाऱ्या जॉबरच्या समोरून, शेटजींच्या समोरून. मी खिडकीत उभा होतो. तो गुडघा मी नुकताच हातात घेतला होता, आणि चालण्यात मला कुठेही लंगडणं दिसलं नाही.

सुदामने ढाल खाली ठेवली आणि आईच्या पाया पडायला वाकला. त्याचे हात पोचायच्या आत पुंजाबाईंनी पाऊल मागे घेतलं.

"काऊन वं माय?" तो तसाच वाकलेला, वर बघत म्हणाला.

"मातीचे हायेत रे पाय," त्या म्हणाल्या. "इथं नोको हात लावू."